फार्गोचं तोंड

जुम्मा तडवीच्या कमरेनं चैत्रात राजीनामा दिला.
फैजपूर-सावदा रस्त्याला, वजनकाट्यापलीकडं त्याचं पत्र्याचं शेड,
शेडात माझी फार्गो, छप्पन सालची,
जिच्या बॉनेटखाली तो एकतीस वर्षं गडप व्हायचा;
बाहेर उरायच्या फक्त टाचा
आणि मागच्या खिशातला बाराचा पाना.

"बाई," तो म्हणाला, "मी आते वाकत नही.
गाडीलेच वाकू द्या."

मी ड्रॉइंगची मास्तरीण, निवृत्त.
वाटलं, उन्हाचा बोलतोय.
पण त्यानं बोटानं बोनेटच्या धुळीवर काढूनच दाखवलं:
दोन्ही मडगार्ड, जाळी, दिवे, बॉनेट
एका कातडीत शिवायचं,
बिजागरी पार पुढं, बंपरच्या पोटाशी,
आणि अख्खं तोंड पुढं उलटायचं,
थारोळ्यात मोट रिती होते तसं.
"मंग मी चाकावर बसीन. खुर्चीसारखा."

केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे मी घरून आणले.
आतल्या सांगाड्याचे नमुने त्यावर कापले.
प्रत्येक तुकड्यावर बाण, आणि छापलेलं: ही बाजू वर.
जुम्माचा नातू सलदार ते वाचून
तासभर एकटाच हसत होता.

मग जमिनीवर खिळा, सुतळी, खडू.
केंद्र चुकलं की कंस कुणाचंच ऐकत नाही,
हे सातवी ब ला बावीस वर्षं सांगितलं,
पटलं कुणाला नाही.
इथंही नाही पटलं.
जुम्मानं डोळ्यानं मापलं, पाइप डागला,
तोंड उचललं चौघांनी,
आणि जाळीचा खालचा ओठ बंपरवर असा खरडला
की समोरच्या चहावाल्यानं कान धरले.

जुम्मा काही बोलला नाही.
कळण्याची भाकर ठेच्याशी खाल्ली, पाणी प्याला,
मग माझ्या खडूच्या रेघेवर पाय ठेवून म्हणाला,
"किती पुढी?"
"चार इंच."
"तीन."
"चार, जुम्माभाऊ."

दिवसा पत्र्याला हात लावायची सोय नव्हती,
वेल्डिंग रात्री अकरानंतर.
रेडिएटर जागचा हलवायचा नाही हे ठरलेलं.
बुश ट्रकच्या कमानपट्ट्याचे,
मागची कडी ट्रॉलीच्या फाळक्याची,
तोंड फार पडू नये म्हणून साखळी
सलदारच्या आजोळच्या म्हशीची, घासून पुसून.
दिव्यांच्या वायरीला हातभर ढील.
मडगार्ड घासताना निळ्याखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली कुण्या कंत्राटदाराचा पिवळा,
पिवळ्याखाली काही नाही, फक्त लोखंड,
ते बघून मला उगाच संकोच वाटला.

दरवाज्याशी फट एक बोट राहायला हवी.
डावीकडं राहिली. उजवीकडं दीड.
जुम्मा म्हणतो, माझं बोट बारीक.

अकराव्या रात्री कडी सोडली.
तोंड आधी कुरकुरलं,
मग एकदम हलकं होऊन पुढं कललं
आणि साखळीनं त्याला मधेच तोलून धरलं.
रिक्षा थांबवून एकानं विचारलं,
"नमस्कार करते का काय गाडी?"
"नमस्कार कशाचा," जुम्मा खेकसला,
"जबडा उघडलाय. दात पाहू दे."

मग तो चाकावर बसला.
पाठ सरळ. कार्बोरेटर थेट छातीसमोर.
त्यानं काहीच दुरुस्त केलं नाही.
नुसतं फडक्यानं व्हॉल्व्हचं झाकण पुसत राहिला,
मी म्हटलं चालू करू का,
तर हात वर केला: थांबा.

एक बोल्ट उरलाय. अर्ध्या इंचाचा, नवाकोरा.
कुठला, ते त्यालाही माहीत नाही, मलाही.
डॅशवर ठेवलाय.
रावेरच्या वळणावर तो डावीकडं घरंगळतो,
परतीला उजवीकडं,
आणि मी वेग थोडा कमी करते.